महिन्याला सहा हजार व्ह्यूज असलेल्या साइटवर बॅनर जाहिरात कशी विकायची

दर हजार व्ह्यूजमागे अमुक रुपये, या हिशोबाने छोटी वेबसाइट पोसली जात नाही. महिन्याला ६,००० व्ह्यूज आहेत आणि हजारामागे १५० रुपये भाव मिळाला असं धरलं, तरी हातात ९०० रुपये पडतात. ॲडसेन्स (आपोआप जाहिराती दाखवणारी गूगलची सेवा) लावलं तर १०० डॉलर साठेपर्यंत पैसे खात्यात येतच नाहीत, आणि एवढ्या वाचकांवर तो आकडा गाठायला भरपूर वाट बघावी लागते. त्यामुळे इथे भाव उलट्या टोकाने काढायचा आहे: जाहिरातदाराला एका गिऱ्हाइकामागे काय सुटतं, तिथून सुरुवात करायची.

उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे: पुण्यातल्या गच्ची-बाल्कनीतल्या बागेवर मराठीत लिहिणारी साइट. रुपयांचे आणि वाचकांचे आकडे हिशोब दाखवण्यापुरते धरलेले आहेत. तुमची साइट ट्रेकिंगची असो की एमपीएससीच्या अभ्यासाची, आकडे तुमचे घाला.

आधी स्वतःचे आकडे साफ करा

गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये, म्हणजे साइटच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या साधनात, सगळ्यात आधी स्वतःच्या भेटी वगळा. छोट्या साइटवर सर्वांत निष्ठावान वाचक बहुतेकदा मालकच असतो. ॲडमिनमध्ये डेटा स्ट्रीमच्या टॅग सेटिंगमध्ये जाऊन घरचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) 'इंटर्नल ट्रॅफिक' म्हणून नोंदवा. इथे बरेच जण फसतात: नुसती नोंद करून भागत नाही. डेटा फिल्टर मुळात 'टेस्टिंग' अवस्थेत असतो, तो 'ॲक्टिव्ह' करावा लागतो. त्याच भागात डेटा रिटेन्शन (तपशील किती काळ साठवायचा ते) दोन महिन्यांवर असतं, ते १४ महिन्यांवर न्या. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात गेल्या पावसाळ्याशी तुलना करायला एक्सप्लोरेशन या सविस्तर अहवालांच्या विभागात काही उरणार नाही. फिल्टर मागच्या आकड्यांना लागू होत नाही, आणि एकदा पुसला गेलेला तपशील परत येत नाही, म्हणून हे दोन्ही बदल विकायला निघण्याच्या किमान महिनाभर आधी करा.

मग गेल्या ९० दिवसांचे तीन तक्ते काढा. पहिला, पानागणिक व्ह्यूज. शंभर लेखांच्या साइटवरही बहुतेक वाचक आठ-दहा लेखांवरच उतरत असतात. ती पानं म्हणजे तुमचा माल. दुसरा, शहरं. मोबाइल डेटावरून येणाऱ्या पुणेकराची नोंद कधीकधी मुंबई म्हणून होते, त्यामुळे पुण्याचा आकडा सांगताना 'किमान' हा शब्द जोडा, पण आकडा फुगवू नका. तिसरा तक्ता सर्च कन्सोल या गूगलच्या शोधांची नोंद दाखवणाऱ्या साधनातला, आणि खरी विक्री याच तक्त्यावर होते: लोक काय टाइप करून तुमच्याकडे येतात.

बागेच्या साइटवर 'मोगऱ्याला कळ्या का येत नाहीत', 'बाल्कनीसाठी कुंडीचा आकार' असे शोध दिसतील. त्यात कुठेतरी 'गच्चीवर बाग केली तर गळती होते का' हाही सापडेल. आता जाहिरातदारांची यादी बदलते. नर्सरीवाला सगळ्यांनाच सुचतो. पण हा शेवटचा शोध वॉटरप्रूफिंग करणाऱ्या कंत्राटदाराला बोलावतो आहे, आणि त्याचं एक काम नर्सरीच्या शंभर बिलांएवढं असतं. सोसायटीतल्या ओल्या कचऱ्यावर तुमचा लेख चालत असेल, तर कंपोस्टिंगची यंत्रं विकणारे आठवा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकल्यापासून त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, आणि सेक्रेटरी गूगल करूनच लेखापर्यंत पोचतात.

जागा किती आणि कुठे

तीनच ठेवा. पाच जागा ठेवून दोन भरल्या तर साइट ओस पडलेल्या कॉम्प्लेक्ससारखी दिसते.

साइडबार विकू नका. कॉम्प्युटरवर तो उजवीकडे छान दिसतो, पण मोबाइलवर बहुतेक थीममध्ये साइडबार घसरून लेखाच्या, कधी प्रतिक्रियांच्याही खाली जातो. तुमचे बहुतेक वाचक मोबाइलवर असतील तर तुम्ही न दिसणारी जागा विकली असं होतं. जाहिरातदाराने स्वतःच्या फोनवर पान उघडून शोधाशोध केली की पुढचं बोलणं अवघड जातं.

चालणाऱ्या जागा दोन प्रकारच्या. शीर्षकाखाली मोबाइलसाठी ३२० × १०० पिक्सेल आणि कॉम्प्युटरसाठी ७२८ × ९०. लेखात तिसऱ्या किंवा चौथ्या परिच्छेदानंतर ३०० × २५०, जी दोन्हीकडे तशीच बसते. ३२० × ५० टाळा. त्यात देवनागरीच्या वेलांट्या आणि उकार कोंबले की अक्षर वाचवत नाही. लेखातली जागा बहुधा वरच्या जागेपेक्षा जास्त कामाची ठरते, कारण चौथ्या परिच्छेदापर्यंत आलेला माणूस खरंच वाचत असतो.

तिसरी जागा म्हणजे एका लेखाचं प्रायोजकत्व: गळतीच्या लेखात फक्त वॉटरप्रूफिंगवाला, दुसरं कुणी नाही. छोट्या साइटवर सर्वांत सहज विकली जाणारी जागा हीच. एका जागेवर एकच जाहिरातदार ठेवा, फिरते बॅनर नकोत. ६,००० व्ह्यूज तिघांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन हजार येतात, आणि तिघेही नाराज होतात.

भाव

वॉटरप्रूफिंगचं उदाहरण मांडून बघू. गळतीचा लेख महिन्याला ४०० वेळा वाचला जातो, त्यात पुणेकर निम्मे, म्हणजे २००. त्यातल्या शंभरात एकाने संपर्क केला तर महिन्याला दोन फोन, तीन महिन्यांत सहा. सहातलं एक काम मिळालं, ते ५०,००० चं, त्यात कंत्राटदाराच्या हातात १०,००० उरले. तीन महिन्यांचे ३,००० रुपये मागा. त्याला एका कामात खर्च वजा जाता ७,००० सुटतात, आणि काम मिळालंच नाही तर बुडाले ते तीनच हजार. हा हिशोब त्याच्यासमोर कागदावर करा, आणि त्यातला प्रत्येक आकडा त्यालाच भरायला लावा. एका कामामागे काय उरतं हे त्याला तुमच्यापेक्षा नीट माहीत आहे. तो तोंडाने कमी सांगेल, तरी गणित मनात खऱ्या आकड्याने करेल.

हाच हिशोब नर्सरीला लावा. बिल ५०० चं, त्यात सुटतात १५०. महिन्याला १,००० रुपये घेतले तर नुसती बरोबरी व्हायला दरमहा सात नवी गिऱ्हाइकं हवीत. साइटभर दिसणाऱ्या बॅनरवर हजार व्ह्यूजमागे एक-दोन क्लिक धरले तर ६,००० वर सहा ते बारा क्लिक. त्यातले सात जण उरुळी कांचनपर्यंत गाडी काढून रोपं आणायला जातील? नाही जाणार. अशा नर्सरीला वर्षभराचा बॅनर विकणं म्हणजे एकदाच पैसे घेऊन संबंध तोडणं. घरपोच रोपं देत असेल आणि किमान ऑर्डर मोठी असेल तर ठीक. नाहीतर जूनच्या सुरुवातीपासून सहा आठवड्यांची पावसाळी जाहिरात द्या आणि तिथेच थांबा.

क्लिकच्या भावाने कधीही विकू नका. महिन्याला दहा क्लिकचे पैसे मागताना तुम्हालाच लाज वाटेल, आणि एखाद्या महिन्यात चारच आले तर वाद. तिमाही, ठरावीक रक्कम, आगाऊ. महिन्याचा करार टाळा, कारण पहिल्या महिन्यात काही दिसण्याआधीच तो संपतो.

फुकट चाचणी देऊ नका. फुकट लावलेल्या जाहिरातीचे फोन कुणी मोजत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात दुकानदार ती विसरलेला असतो. सूट द्यायचीच तर तीन महिन्यांच्या पैशांत चार महिने द्या. दर तोच राहतो, नूतनीकरणाच्या वेळी घासाघीस कमी होते.

दरपत्रक

दिवाळी अंकाचं दरपत्रक ज्याने पाहिलं आहे त्याला वेगळं शिकवायला नको: मलपृष्ठ, पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान, समोर रक्कम, खाली मजकूर देण्याची शेवटची तारीख. पुण्यातल्या दुकानदाराला ही भाषा दोन पिढ्यांपासून कळते. तुमचंही तसंच एका पानाचं करा आणि व्हॉट्सॲपवर न उघडताही वाचता येईल असं चित्र करून ठेवा. वर साइट कशाबद्दल आहे त्याचं एक वाक्य, मग महिन्याचे वाचक, त्यातले पुण्याचे किमान किती, सर्वांत चालणारी पाच पानं व्ह्यूजसकट, तीन जागा, तिमाही दर, फोन नंबर. 'इम्प्रेशन', 'एंगेजमेंट' हे शब्द वगळा. आणि आकडे कोणत्या महिन्याचे आहेत ते लिहा. तारीख नसलेल्या आकड्यावर इथे कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

कुणाकडे, कधी जायचं

पंचवीस नावांची यादी करा, आणि त्यात आधीपासून जाहिरातीवर खर्च करणारेच घ्या. सकाळच्या पेपरातून पडणारी पत्रकं महिनाभर साठवा. तुमच्या विषयाचे शब्द गूगलवर टाकून 'प्रायोजित' म्हणून वर येणारे बघा. ते प्रत्येक क्लिकला पैसे मोजत आहेत. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्यांची कार्डं घ्या. ज्याने आजवर एक रुपयाही जाहिरातीवर घातला नाही त्याला पटवण्यात वेळ जातो, आणि पटला तरी तो तिसऱ्याच दिवशी 'अजून कुणी आलं नाही' म्हणून फोन करतो.

वेळ महत्त्वाची. पेठांमध्ये दुपारी एक ते चार जाऊ नका, कारण सगळ्यांना ठाऊक आहे. साडेअकरा-बारा किंवा संध्याकाळी पाचच्या आसपास जा. नर्सरीत रविवारी कुणी तुमच्याशी बोलणार नाही, मंगळवार-बुधवार बरा. वॉटरप्रूफिंगवाल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये जा. जूनमध्ये तो गच्चीवर असतो आणि त्याला गिऱ्हाईक नको असतं, माणसं हवी असतात. दिवाळीची जाहिरात गणपतीच्या आधी बोलून ठेवा. पितृपक्षात दुकानदाराला वेळ भरपूर असतो, ऐकूनही घेतो, पण पैसे मात्र 'घट बसू द्या, मग बघू' यावर अडकतात.

भेटीला जाताना जाहिरातदाराच्या दुकानाचं नाव घातलेला नमुना बॅनर तयार ठेवा आणि तो चालू पानावर कसा दिसेल याचा स्क्रीनशॉट घ्या. बोलणं साधारण असं जातं:

'किती लोक बघतात रोज?'

'रोजची दोनशेएक पानं वाचली जातात, साहेब. पण गच्चीच्या गळतीचा हा लेख महिन्याला चारशे वेळा वाचला जातो, त्यात निम्मे तरी पुण्यातले. ज्याची गच्ची गळत नाही तो हे वाचायला येत नाही.'

'अहो, फेसबुकवर दोनशे रुपयांत हजारो लोक बघतात.'

'बघतात, ते चालूच ठेवा. तिथे माणूस लग्नाचे फोटो बघत असतो. इथे तो गळतीवर उपाय शोधत आलेला आहे. तुमच्या एका कामाला किती सुटतात, तेवढं सांगा, मग बसतंय का ते बघू.'

हिशोब बसत नसेल तर तिथेच सांगा आणि उठा. पंचविसांतले दोन-तीन तयार झाले तरी तुमच्या सगळ्या जागा भरतात.

ठरलेलं लिहून ठेवा

वकिली करार लागत नाही, पण व्हॉट्सॲपवर एक संदेश आणि त्यावर समोरच्याचं 'ठीक आहे' हवंच. त्यात इतकं यावं: कोणती जागा, कोणती पानं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रक्कम, बॅनर कोण बनवणार आणि किती वेळा बदलून मिळेल, त्याच धंद्यातला दुसरा जाहिरातदार त्या पानावर घेणार नाही हे वचन, आणि साइट सलग २४ तासांहून जास्त बंद राहिली तर तेवढे दिवस वाढवून मिळतील ही अट. व्ह्यूजची हमी देऊ नका. गूगलने क्रमवारी बदलली की लेख एका आठवड्यात निम्म्यावर येऊ शकतो.

बिल द्या, पैसे यूपीआयने आधी घ्या. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण मग बिलावर जीएसटी लावायचाही नाही. नोंदणी असेल तर १८ टक्के, आणि इंटरनेटवरील जाहिरात-जागेच्या विक्रीचा सेवा-कोड ९९८३६५. जाहिरातदार कंपनी असेल आणि रक्कम मर्यादेपलीकडे गेली तर ती टीडीएस कापेल. पॅन आधीच देऊन ठेवा.

बॅनर तुम्हीच बनवा

जाहिरातदार जे पाठवतो ते बहुधा फ्लेक्सचं चित्र असतं: चौदा सेवा, तीन मोबाइल नंबर, वर श्री गणेशाय नमः, आणि व्हॉट्सॲपने दाबून धूसर केलेलं. ते ३०० पिक्सेलमध्ये वाचता येत नाही. मूळ फाइल मागितली तर डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली येईल, आणि मजकूर कॉपी केला की निरर्थक चिन्हं उमटतील. मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा, आणि आडनाव, पत्ता, नंबर त्यांच्याकडून तपासून घ्या.

३२० × १०० मध्ये सात-आठ शब्द बसतात, जास्त नाहीत. 'गच्ची गळते? पाहणी मोफत, फक्त पुण्यात' आणि एक बटण. नाव लहान चाललं तरी काम मोठं दिसलं पाहिजे. चित्र दुप्पट आकारात, म्हणजे ६४० × २०० किंवा ६०० × ५०० मध्ये बनवा, नाहीतर आजच्या मोबाइल स्क्रीनवर शिरोरेघा फाटक्या दिसतात. वेबपी किंवा जेपीजीमध्ये १०० केबीच्या आत ठेवा. हलणारं जिफ नको: फाइल जड होते, आणि वाचकाची नजर त्याला टाळायला पटकन शिकते.

बॅनरचा दुवा कुठे जातो यावर अर्धं यश ठरतं. छोट्या धंद्याची वेबसाइट अनेकदा बंद, जुनी किंवा इंग्रजीत असते. अशा वेळी दुवा थेट व्हॉट्सॲपवर न्या, आणि संदेश आधीच भरून ठेवा: 'बागेच्या साइटवर जाहिरात पाहिली, गच्ची दाखवायची आहे.' आता गिऱ्हाईक कुठून आलं हे विचारावंच लागत नाही, ते त्याच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं. शिवाय असा क्लिक ॲनालिटिक्समध्ये बाहेर जाणारा दुवा म्हणून आपोआप मोजला जातो. थेट फोन लावणारा दुवा मात्र तसा मोजला जात नाही. त्यासाठी टॅग मॅनेजरमध्ये (काय मोजायचं ते ठरवणारं गूगलचं साधन) वेगळी नोंद करावी लागते. जाहिरातदाराची साइट चांगली असेल तर पत्त्याला यूटीएम (क्लिक कुठून आला हे सांगणारी शेपटी) जोडा: सोर्समध्ये तुमच्या साइटचं नाव, मीडियममध्ये बॅनर, कॅम्पेनमध्ये महिना. सगळं लहान लिपीतल्या इंग्रजी अक्षरांत ठेवा, कारण लहान आणि मोठी अक्षरं अहवालात वेगवेगळ्या ओळी होतात.

लावताना काय चुकतं

दोन-तीन जाहिरातदारांसाठी गूगल ॲड मॅनेजर वगैरे जाहिराती सांभाळणाऱ्या मोठ्या साधनांची गरज नाही. साधा एचटीएमएल ब्लॉक पुरतो. वर्डप्रेसवर ठरावीक परिच्छेदानंतर जाहिरात घालणारी मोफत प्लगइन मिळतात. पण या गोष्टी बघाच.

दुव्याच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' हा rel गुणधर्म लावा, म्हणजे दुवा पैसे घेऊन दिलेला आहे हे गूगलला कळतं. गूगलने तो २०१९ मध्ये आणला, आणि पैसे घेऊन दिलेला दुवा तसाच सोडणं हे त्यांच्या नियमांत दुव्यांची विक्री ठरतं. बॅनरवर बारीक 'जाहिरात' असं लिहा. चित्राला रुंदी आणि उंची दोन्ही द्या, नाहीतर बॅनर उशिरा उमटतो, मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचकाचं बोट चुकून भलतीकडे पडतं. ॲडसेन्सच्या ऑटो जाहिराती चालू असतील तर विकलेल्या पानांवर त्या बंद करा. नाहीतर तुमच्या वॉटरप्रूफिंगवाल्याच्या बरोबर खाली त्याचा प्रतिस्पर्धी झळकेल, तोही काही पैशांत.

लावल्यावर साइटची कॅश (पानांची साठवलेली जुनी प्रत) साफ करा आणि दुसऱ्याच्या फोनवर, लॉगइन न करता, मोबाइल डेटावर उघडून बघा. मालकाला लॉगइन असताना ताजं पान दिसतं आणि वाचकांना चार दिवस जुनं, हा घोटाळा नेहमीचा. जाहिरात रोखणारी साधनं फाइलच्या नावावरूनही बॅनर लपवतात. 'बॅनर', 'ॲड' असे इंग्रजी शब्द किंवा ३००×२५० असा आकार नावात असला की जाहिरातदाराच्याच लॅपटॉपवर ती दिसत नाही, आणि तो तुम्हाला खोटं ठरवतो.

काय घ्यायचं नाही

परदेशातून 'पाहुणा लेख छापा, दुवा द्या, ५० डॉलर देतो' अशा इमेल येतील. त्यात बहुतेक जुगार किंवा कर्जाचे दुवे असतात. उत्तरही देऊ नका. पैशांच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे. बिल्डरची जाहिरात असेल तर महारेरा क्रमांक आणि, १ ऑगस्ट २०२३ पासून, क्यूआर कोडही हवा. 'शंभर टक्के बरा' म्हणणाऱ्या औषधांना आक्षेपार्ह औषध-जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आडवा येतो. बागेच्या साइटवर विशेष: कीटकनाशक विकणाऱ्याकडे विक्रीचा परवाना आहे का ते बघा. 'पूर्ण नैसर्गिक' असं बाटलीवर लिहिलं म्हणजे आत काय आहे ते कळत नाही.

दर महिन्याचा अहवाल आणि पुढची तिमाही

पाच तारखेच्या आत व्हॉट्सॲपवर चार ओळी: पान किती वेळा वाचलं गेलं, बॅनरवर किती क्लिक, गेल्या महिन्याशी फरक, आणि तुमच्याकडे किती फोन आले हा प्रश्न. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण तुमचा आकडा त्याच्या वहीतल्या आकड्याशी जुळवल्याशिवाय पुढची तिमाही मिळत नाही. क्लिक सहा आणि संदेश दोनच, असं दिसलं तर घाबरू नका. काही जण व्हॉट्सॲप उघडून न पाठवताच परत फिरतात. क्लिक बरे आणि फोन शून्य असतील तर गडबड दुव्यात आहे किंवा दुकानात फोन कुणी उचलत नाही. स्वतः एकदा फोन लावून बघा.

सहा-सात आठवड्यांनी क्लिक घसरू लागतात, विशेषतः नेहमीचे वाचक जास्त असलेल्या साइटवर. तेव्हा मजकूर आणि रंग बदला, जागा तीच ठेवा. नूतनीकरणाचं बोलणं मुदतीच्या पंधरा दिवस आधी काढा. मुदत संपल्यावर काढलंत तर बॅनर आठवडाभर फुकट राहतो आणि दुकानदाराला ते सोयीचं वाटू लागतं.

जागा रिकामी झाली तर तिथे 'येथे आपली जाहिरात' ही पाटी महिनोन्महिने टांगू नका. स्वतःच्या एखाद्या लेखाचा बॅनर करून लावा. पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर तिमाही दर आणि त्या पानाचे गेल्या महिन्याचे व्ह्यूज लिहा. ज्याला परवडतं तोच फोन करेल, आणि बाकीच्यांचे चौकशीचे फोन वाचतील.